प्रसववेदनाशमनातील एपिड्यूरल सुई आणि दाब-संवेदन तंत्रज्ञान : एक परिचयात्मक अभ्यास

सारांश

प्रसूतीच्या वेदना कमी करण्यासाठी आज जगभर जे उपाय योजले जातात, त्यांत एपिड्यूरल पद्धती सर्वाधिक परिणामकारक मानली जाते. या पद्धतीत सुईचे टोक मणक्यातील एका अत्यंत अरुंद जागेत नेमके थांबवावे लागते. ती जागा ओळखण्याचे काम सुमारे शंभर वर्षे भूलतज्ज्ञाच्या अंगठ्याला जाणवणाऱ्या प्रतिरोधावर अवलंबून राहिले आहे. अलीकडच्या काळात सुईच्या टोकाशी असणारा द्रवाचा दाब सतत मोजून तो अंक, आलेख व ध्वनी यांच्या रूपाने दाखविणारी उपकरणे उपलब्ध झाली आहेत. प्रस्तुत लेखात या तंत्रज्ञानामागील भौतिकशास्त्रीय तत्त्व, त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी, कार्यपद्धती, उपयुक्तता आणि मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : एपिड्यूरल, प्रसववेदनाशमन, प्रतिरोध-लोप, दाब-संवेदक, ड्यूरा.

१. प्रस्तावना

प्रसववेदना ही निसर्गाने स्त्रीच्या वाट्याला दिलेली गोष्ट असून ती निमूटपणे सोसली पाहिजे, असा समज जगातील बहुतेक समाजांत दीर्घकाळ रूढ होता. जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७ मध्ये एडिंबरो येथे प्रसूतीसाठी प्रथम ईथर व नंतर क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा त्यांना टीका सहन करावी लागली. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या अपत्याच्या जन्माच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले आणि या उपायाला समाजमान्यता मिळण्यास मोठीच मदत झाली. तथापि क्लोरोफॉर्म किंवा ईथर यांनी मातेची शुद्धच हरपत असे. माता जागी असावी, तिला बाळाचे पहिले रडणे ऐकू यावे, परंतु कळांची तीव्रता मात्र सोसावी लागू नये, ही अपेक्षा विसाव्या शतकात एपिड्यूरल पद्धतीने पूर्ण केली.

ही पद्धती आज सुस्थापित आहे. मात्र तिच्यातील सर्वांत नाजूक टप्पा, म्हणजे सुईचे टोक योग्य जागी पोहोचले हे ओळखणे, हा आजही बहुतेक ठिकाणी डोळ्यांनी न पाहता केवळ स्पर्शाने पार पाडला जातो. प्रस्तुत लेखिका भौतिकशास्त्राची अध्यापिका आहे. त्यामुळे येथे वैद्यकीय सल्ला देण्याचा हेतू नसून, एका माणसाच्या अंगठ्यापुरती मर्यादित असलेली जाणीव मोजता येण्याजोग्या राशीत कशी रूपांतरित होते आणि त्यामुळे नेमके काय बदलते, हे समजून घेण्याचा प्रयत्न आहे.

२. एपिड्यूरल पोकळी आणि तिच्यापर्यंतचा मार्ग

पाठीच्या कण्यातील मणक्यांच्या पोकळ नळीतून मेरुरज्जू जातो. मेरुरज्जूभोवती मस्तिष्क-मेरुद्रव असतो आणि हा द्रव ज्या पिशवीत असतो तिचे बाहेरचे जाड आवरण म्हणजे ड्यूरा. ड्यूराच्या बाहेर आणि मणक्यांच्या हाडांच्या व अस्थिबंधांच्या आत जी अरुंद जागा उरते, तिला एपिड्यूरल पोकळी म्हणतात. 'एपि' म्हणजे वर, म्हणून ड्यूराच्या वरची ती एपिड्यूरल. ही जागा खऱ्या अर्थाने रिकामी नसते. तिच्यात चरबी, सैल ऊती आणि शिरांचे जाळे असते. गर्भाशयाकडून वेदनेचा संदेश आणणारे चेतातंतू याच जागेतून मेरुरज्जूकडे जातात. तेथे बधिरीकरणाचे सौम्य औषध पोहोचविले की वेदनेचा संदेश वाटेतच अडविला जातो.

प्रौढ व्यक्तीत मेरुरज्जू साधारणतः कमरेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्यांच्या पातळीवर संपतो. म्हणून सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या व चौथ्या मणक्यांच्या दरम्यान टोचतात. सुई क्रमाने त्वचा, त्वचेखालील चरबी, कण्याच्या काट्यांवरील अस्थिबंध, दोन काट्यांमधील अस्थिबंध आणि शेवटी पिवळा अस्थिबंध अशा थरांतून जाते. वैद्यकीय भाषेत ज्याला लिगामेंटम फ्लेव्हम म्हणतात तो हा पिवळा अस्थिबंध लवचीक तंतूंनी बनलेला, चिवट व दाट असतो. तो ओलांडला की लगेच एपिड्यूरल पोकळी लागते. त्वचेपासून तिचे अंतर बहुतेक स्त्रियांत ४ ते ६ सेंटिमीटर असते, पण स्थूल व्यक्तीत ते याहून बरेच अधिक असू शकते. कमरेच्या भागात मध्यरेषेवर पोकळीची खोली अवघी काही मिलिमीटर असते. म्हणजे सुई काही सेंटिमीटर पुढे न्यायची आणि नंतर काही मिलिमीटरांत थांबवायची, असे हे काम आहे.

सुई अलीकडे थांबली तर औषध अस्थिबंधांत किंवा स्नायूंत जाते आणि मातेची वेदना कमी होत नाही. सुई पलीकडे गेली तर ड्यूराला छिद्र पडते. एपिड्यूरलची सुई जाड असल्याने हे छिद्र मोठे असते आणि त्यातून मस्तिष्क-मेरुद्रव झिरपत राहतो. परिणामी मातेला तीव्र डोकेदुखी जडते. ही डोकेदुखी आडवे पडल्यावर कमी होते आणि उठून बसताच असह्य होते. ज्या दिवसांत तिने बाळाला मांडीवर घेऊन पाजायचे, त्याच दिवसांत तिला बसता येत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार प्रसूतीसाठी दिलेल्या एपिड्यूरलमध्ये असे अनपेक्षित छिद्र पडण्याचे प्रमाण सुमारे दीड टक्का होते आणि छिद्र पडलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रियांना ही डोकेदुखी झाली. त्रास फार असल्यास मातेचेच थोडे रक्त काढून एपिड्यूरल पोकळीत सोडावे लागते, म्हणजे पुन्हा एकदा पाठीत सुई घ्यावी लागते. काही मिलिमीटरांचा प्रश्न मातेच्या दृष्टीने एवढा मोठा असतो.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

कमरेतून एपिड्यूरल बधिरीकरण करण्याची पद्धती स्पेनचे लष्करी शल्यविशारद फिदेल पाहेस यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. पिवळा अस्थिबंध भेदला जाताना हाताला होणारी जाणीव हाच त्यांचा आधार होता. पुढे १९२३ मध्ये अपघाती निधन झाल्याने त्यांचे कार्य बराच काळ दुर्लक्षित राहिले. १९३० च्या दशकात इटलीतील आकिले दोल्योत्ती यांनी प्रतिरोध-लोपाची पद्धती सुस्पष्टपणे मांडून लोकप्रिय केली. सुईला द्रव भरलेली सिरिंज जोडायची आणि दट्ट्यावर अंगठ्याचा सतत दाब ठेवून सुई पुढे न्यायची. जोवर टोक दाट अस्थिबंधात आहे तोवर द्रव पुढे जात नाही. टोक पोकळीत शिरताच अडथळा एकाएकी नाहीसा होतो आणि दट्ट्या सहज पुढे सरकतो. तेथे थांबायचे.

याच सुमारास, १९३३ मध्ये, अर्जेंटिनाचे अल्बेर्तो गुतिएर्रेझ यांनी निराळा मार्ग सुचविला. सुईच्या बाहेरच्या तोंडाशी द्रवाचा एक थेंब ठेवायचा. पोकळीतील दाब वातावरणाच्या दाबाहून किंचित कमी असल्यास टोक आत शिरताच तो थेंब आत ओढला जातो. हा लोंबता थेंब म्हणजे एक प्राथमिक दाबमापकच होय. १९४७ मध्ये हवाना येथे मानुएल मार्तिनेस कुर्बेलो यांनी तुओही सुईतून बारीक कॅथेटर एपिड्यूरल पोकळीत सोडला. त्यामुळे एकदाच सुई टोचून पुढे तासन् तास औषध देणे शक्य झाले. तासन् तास चालणाऱ्या प्रसूतीसाठी ही पद्धती म्हणूनच विशेष सोयीची ठरली. या सुईचे वक्र टोक राल्फ ह्यूबर या दंतवैद्याने तयार केले होते. योगायोग असा, की पुढे वर्णन केलेल्या दाब-संवेदन यंत्राचे जनक मार्क हॉकमन हेही दंतवैद्यच आहेत.

४. अंगठ्याला नेमके काय कळते?

प्रतिरोध-लोपाची पद्धती साधी व स्वस्त असून कुशल हातांत ती उत्तम कार्य करते, यात शंका नाही. मात्र भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यात तीन उणिवा आढळतात.

पहिली उणीव अशी, की अंगठ्याला दाब कळत नाही, बल कळते. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. समजा, सुईच्या टोकाशी १०० मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजे सुमारे १३.३ किलोपास्कल दाब आहे. सिरिंजचा आतील व्यास १५ मिलिमीटर असेल, तर दट्ट्यावर साधारण २४० ग्रॅम वजनाइतके बल द्यावे लागेल. तोच व्यास २० मिलिमीटर असेल, तर त्याच दाबासाठी साधारण ४३० ग्रॅम वजनाइतके बल लागेल. ऊती तीच, दाब तोच, पण अंगठ्याला जाणवणारा जोर जवळजवळ पावणेदोन पट. शिवाय दट्ट्या व नळी यांतील घर्षण त्यात मिसळते ते वेगळेच.

दुसरी उणीव माध्यमाची आहे. पूर्वी अनेक ठिकाणी सिरिंजमध्ये द्रवाऐवजी हवा भरत असत आणि काही ठिकाणी आजही भरतात. हवा दाबली जाते. बॉइलच्या नियमानुसार ५ मिलिलिटर हवेवर वातावरणाच्या दाबाखेरीज आणखी १०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब पडला, की तिचे आकारमान सुमारे ४.४ मिलिलिटर होते. म्हणजे टोक अस्थिबंधातच असूनही दट्ट्या थोडा पुढे सरकतो आणि पुन्हा मागे येतो. सलाईनचा द्रव व्यवहारतः दाबला जात नसल्याने त्याची जाणीव अधिक स्वच्छ असते.

तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची आहे. अंगठ्याची जाणीव खासगी असते. ती दुसऱ्या कोणालाही पाहता येत नाही, तिची नोंद ठेवता येत नाही आणि ती शब्दांतून शिकविताही येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या गुरूला शिष्याच्या अंगठ्याला काय जाणवले हे कळू शकत नाही. गुरू विचारतो, 'लागले का?' आणि शिष्याने 'हो' म्हटले तर त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते.

यातच फसव्या प्रतिरोध-लोपाची भर पडते. दोन काट्यांमधील अस्थिबंधात काही वेळा सैल किंवा पोकळ भाग असतात. सुई मध्यरेषेपासून ढळली तर ती स्नायूंतही शिरते. अशा ठिकाणीही द्रव सहज आत जातो आणि पोकळी लागल्याचा भास होतो. उलटपक्षी काही व्यक्तींत पिवळ्या अस्थिबंधाचे दोन्ही भाग मध्यरेषेवर पूर्णपणे जुळलेले नसतात. तेव्हा अपेक्षित प्रतिरोध जाणवतच नाही आणि सुई पुढे जाण्याचा धोका वाढतो.

५. प्रसूतीच्या वेळच्या विशेष अडचणी

प्रसूतीच्या वेळी हे काम अधिक अवघड होते. गर्भारपणात संप्रेरकांच्या प्रभावाने अस्थिबंध मऊ होतात आणि त्यामुळे दाट व सैल ऊतींमधील फरक पुसट होतो. पाठीवर सूज व वाढलेली चरबी असल्याने मणक्यांचे काटे बोटांना नीट लागत नाहीत. मातेला पाठ बाहेरच्या बाजूस वाकवून स्थिर बसावे लागते, परंतु दर काही मिनिटांनी येणारी कळ तिला स्थिर बसू देत नाही.

दाबाच्या दृष्टीनेही परिस्थिती बदललेली असते. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडल्याने एपिड्यूरल पोकळीतील शिरा फुगतात आणि तेथील दाब वाढतो. कळेच्या वेळी तो आणखी चढतो. म्हणून गुतिएर्रेझ यांचा लोंबता थेंब प्रसूतीच्या वेळी भरवशाचा राहत नाही. सुई पुढे नेण्याचे काम दोन कळांच्या मधल्या अवकाशात उरकावे लागते आणि भूलतज्ज्ञाला त्या वेळातच निर्णय घ्यावा लागतो.

६. मोजणीच्या दिशेने

अंगठ्याऐवजी एखाद्या वस्तूने ही सूचना द्यावी, अशी कल्पना नवी नाही. ब्रिटिश भूलतज्ज्ञ रॉबर्ट मॅकिन्टॉश यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सुईच्या तोंडाशी लावावयाचा एक लहान फुगा वापरात आणला. टोक पोकळीत शिरले की फुगा रिता होई. पुढे स्प्रिंग बसविलेल्या सिरिंज आल्या. त्यांत दट्ट्यावर स्प्रिंगचा दाब सतत राहतो आणि पोकळी लागताच तो आपोआप पुढे जातो. २००२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाबाचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या उपकरणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसरीकडे अल्ट्रासाउंडच्या साहाय्याने मध्यरेषा व पोकळीची अंदाजे खोली आधीच पाहून ठेवण्याची पद्धतीही विकसित झाली. अल्ट्रासाउंड सुई टोचण्यापूर्वी नकाशा देते, तर दाब-संवेदक सुई चालू असताना वाटेची खबर देतो. म्हणून ही दोन तंत्रे परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत.

मार्क हॉकमन यांनी दंतवैद्यकात इंजेक्शनची वेदना कमी व्हावी यासाठी संगणकनियंत्रित प्रवाहाचे उपकरण तयार केले होते. द्रव किती वेगाने व किती दाबाने शिरतो यावर वेदना अवलंबून असते, हे त्यामागील सूत्र होते. याच सूत्रातून अमेरिकेतील माइलस्टोन सायंटिफिक या कंपनीचे कॉम्प्युफ्लो हे यंत्र निर्माण झाले. ते वापरून एपिड्यूरल पोकळी ओळखण्याचा प्राथमिक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एपिड्यूरलसाठी या यंत्राच्या विक्रीस मान्यता दिली.

७. यंत्राची कार्यपद्धती

या यंत्राचे मुख्य भाग चार : संगणकाने चालणारा पंप, सलाईन भरलेली सिरिंज, तिच्यापासून सुईपर्यंत जाणारी बारीक नळी आणि या मार्गात बसविलेला दाब-संवेदक. पंप अत्यंत मंद गतीने सलाईन सोडतो. संवेदक दाबाचे विद्युत संकेतात रूपांतर करतो आणि पडद्यावर त्याचा अंक व आलेख सतत उमटत राहतो. त्याबरोबर एक स्वर ऐकू येतो. दाबाबरोबर हा स्वरही बदलतो, त्यामुळे सुईवरची नजर न हटविता दाबातील बदल कानांनी समजतो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. संवेदक सुईच्या टोकाशी नसून बाहेर आहे. मग तो टोकावरील दाब कसा सांगतो? ठिबक सिंचनाचे उदाहरण घेऊ. विहिरीवरील पंपाजवळचा दाबमापक जो दाब दाखवितो, तो शेतातील शेवटच्या तोटीजवळ नसतो. वाटेतील नळ्यांच्या अवरोधामुळे काही दाब खर्ची पडतो. नळीची लांबी, तिचा व्यास, द्रवाची श्यानता आणि प्रवाहाचा वेग ठाऊक असल्यास हा खर्च गणिताने काढता येतो. यंत्रातील संगणक नेमके हेच करतो. मार्गातील घट वजा करून तो टोकाशी असणारा दाब दाखवितो. प्रवाह अतिशय मंद असल्याने ही घटही लहान असते. प्रवाह थांबलेला असेल तेव्हा तर पास्कलच्या नियमानुसार, उंचीतील फरक सोडल्यास, द्रवात सर्वत्र दाब समानच असतो.

सुई दाट अस्थिबंधात असताना द्रवाला जागा मिळत नाही आणि दाब चढत जातो. ठरवून दिलेली मर्यादा गाठली की पंप आपोआप थांबतो. पिवळ्या अस्थिबंधात दाब उच्चांक गाठतो. टोक एपिड्यूरल पोकळीत शिरताच द्रवाला वाट मिळते, दाब एकाएकी कोसळतो आणि पंप पुन्हा सुरू होऊनही खालच्या पातळीवरच स्थिर राहतो. हे स्थिर राहणे ही या पद्धतीतील कळीची गोष्ट होय. अस्थिबंधातील एखाद्या सैल भागात टोक शिरले तरी दाब घसरतो, परंतु ती लहान जागा द्रवाने भरली की तो पुन्हा चढू लागतो. म्हणून केवळ घसरण पाहून थांबायचे नाही. घसरणीनंतर काही सेकंद आलेख सपाट राहतो की नाही, हे पाहायचे. अंगठ्याला एक क्षण जाणवतो, तर आलेखातून त्या क्षणाच्या आधीचे व नंतरचेही दिसते.

आणखी एक लाभ हातांचा आहे. पारंपरिक पद्धतीत एक हात सुई सावरतो आणि दुसऱ्याचा अंगठा दट्ट्यावर असतो. पंपाने दट्ट्याचे काम घेतल्याने दोन्ही हात सुईवर राहतात व तिची गती अधिक नियंत्रित होते.

याच तत्त्वाचा उपयोग कॅथेटर योग्य जागी आहे की नाही हे तपासण्यासाठीही केला जातो. एपिड्यूरल पोकळीतील दाब हृदयाच्या ठोक्याबरोबर सूक्ष्म प्रमाणात वरखाली होतो. कॅथेटर पोकळीत असेल तर पडद्यावर नाडीशी मेळ असलेल्या लहरी दिसतात. काही तासांनी मातेला पुन्हा वेदना जाणवू लागल्यास, कॅथेटर सरकला आहे की औषध अपुरे पडते आहे, हा निर्णय करण्यास या लहरी साहाय्यभूत ठरू शकतात.

८. उपलब्ध अभ्यासांचा अर्थ

इटलीतील ज्योर्जिओ कापोन्या व त्यांचे सहकारी यांनी या यंत्राचा विशेष अभ्यास केला आहे. खरा व फसवा प्रतिरोध-लोप यांच्या दाबालेखांत ओळखता येण्याजोगा फरक असतो, असे त्यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. त्याच वर्षी अमेरिकेतील एका यादृच्छिक नियंत्रित अभ्यासात या यंत्राची तुलना क्ष-किरण मार्गदर्शनाशी व पारंपरिक प्रतिरोध-लोपाशी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष यंत्राला अनुकूल आले. क्ष-किरण प्रसूतीच्या वेळी वापरणे इष्ट नसल्याने तेथे दाब-संवेदनाला विशेष महत्त्व येते.

तथापि या निष्कर्षांकडे विवेकाने पाहिले पाहिजे. यंत्र पोकळी अचूक ओळखते, हे दाखविणे एक आणि त्यामुळे मातांना होणारी इजा कमी होते, हे सिद्ध करणे दुसरे. समजा, ड्यूराला छिद्र पडण्याचे प्रमाण १०० मध्ये १ आहे आणि यंत्रामुळे ते २०० मध्ये १ होते, म्हणजे निम्म्यावर येते. हा फरक संख्याशास्त्राच्या नेहमीच्या निकषांवर दाखविण्यासाठी प्रत्येक गटात सुमारे ४,७०० स्त्रिया, म्हणजे दोन्ही गट मिळून ९,००० हून अधिक स्त्रिया लागतील, असे साध्या गणिताने दिसते. शंभर-दोनशे स्त्रियांच्या अभ्यासात एकही छिद्र पडले नाही, तरी त्यावरून निर्णायक विधान करता येणार नाही. दुर्मीळ दोषांचे मोजमाप करण्यासाठी मोठी संख्या लागते, हे आपल्या विद्यार्थ्यांनी या उदाहरणावरून अवश्य ध्यानात घ्यावे.

९. मर्यादा

दाब-संवेदक सुईची दिशा सांगत नाही. मध्यरेषा चुकली तर ती भूलतज्ज्ञालाच सुधारावी लागते. पुढे हाड आहे की ड्यूरा, याची आगाऊ सूचनाही तो देत नाही. टोक ड्यूरापलीकडे द्रवात किंवा शिरेत गेले तरी दाब घसरतो. म्हणून द्रव अथवा रक्त मागे येते का हे पाहणे, औषधाची चाचणी-मात्रा देणे आणि मातेचा रक्तदाब व बाळाचे हृदयस्पंदन यांवर लक्ष ठेवणे, हे सर्व नियम यंत्र असले तरी पाळावेच लागतात. यंत्राची व दर वेळी बदलाव्या लागणाऱ्या साहित्याची किंमत हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. साध्या सिरिंजला वीज लागत नाही, हे विसरून चालणार नाही.

१०. अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व

लेखिकेच्या मते या तंत्रज्ञानाचे सर्वांत मोठे मोल शिकविण्याच्या क्षेत्रात आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार शिकाऊ भूलतज्ज्ञांना एपिड्यूरलमध्ये ८० टक्के यश गाठण्यासाठी सुमारे ९० वेळा ही क्रिया करावी लागली. या प्रत्येक वेळी सुईच्या पुढे कोणीतरी रुग्ण असतो. पडद्यावरील आलेख मात्र गुरू, शिष्य व परिचारिका हे सर्व एकाच वेळी पाहू शकतात. टोक पिवळ्या अस्थिबंधात पोहोचताच गुरू 'आता सावकाश' असे सांगू शकतो. घसरण फसवी निघाली तर तिचे कारण तेथेच समजावून देता येते. क्रिया संपल्यावर तो आलेख जपून ठेवता येतो व त्यावर चर्चा करता येते. जी विद्या आजवर केवळ हातातून हातात गेली, ती प्रथमच नोंदविता येऊ लागली आहे.

११. आपल्याकडील संदर्भ

आपल्याकडे एपिड्यूरलविषयी अनेक गैरसमज आहेत. पाठीत इंजेक्शन घेतले की जन्मभर पाठ दुखते, हे वाक्य घरोघरी ऐकू येते. २०१८ मध्ये अद्ययावत करण्यात आलेल्या कॉक्रेन समीक्षेत मात्र एपिड्यूरलमुळे दीर्घकालीन पाठदुखी वाढते असे आढळले नाही, तसेच सिझेरियनचे प्रमाण वाढते असेही आढळले नाही. बाळंतपणानंतरच्या पाठदुखीला गर्भारपणातील शारीरिक बदल, बाळाला उचलण्या-पाजण्याची चुकीची पद्धत अशी इतर कारणे असतात. मात्र सुई टोचताना अनेकदा प्रयत्न करावे लागले, तर त्या जागी काही दिवस दुखणे स्वाभाविक आहे. पहिल्याच प्रयत्नात यश मिळाल्यास हा त्रास टळतो, हा दाब-संवेदनाच्या बाजूचा एक व्यावहारिक मुद्दा होय.

दुसरीकडे वास्तवाचे भानही ठेवले पाहिजे. जेथे प्रसूतिकक्षात अहोरात्र भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही, तेथे दाब-संवेदक नेऊन ठेवल्याने काहीही साधणार नाही. ग्रामीण भागातील पहिली गरज माणसाची आहे, यंत्राची नंतर. परंतु ती माणसे जेथे घडतात, त्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या भूलशास्त्र विभागांत असे यंत्र उपलब्ध झाल्यास एका यंत्रावर अनेक हात तयार होतील आणि पुढे ते हात साध्या सिरिंजनेही अधिक आत्मविश्वासाने काम करू शकतील. यंत्राची किंमत वसूल होण्याचा हा मार्ग आपल्या परिस्थितीत अधिक योग्य वाटतो.

१२. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की दाब-संवेदन तंत्रज्ञान एपिड्यूरल पद्धतीचे मूळ तत्त्व बदलत नाही. पाहेस आणि दोल्योत्ती यांच्या हातांना जो प्रतिरोध जाणवला, तोच आज पडद्यावर अंकरूपाने दिसतो. बदल झाला आहे तो साक्षीचा. एका व्यक्तीच्या अंगठ्याची साक्ष आता सर्वांना पडताळून पाहता येते. तापमापकाने हात लावून ताप पाहण्याची पद्धत बंद केली नाही, पण 'अंग गरम आहे' या विधानाला निश्चित अर्थ दिला. तद्वतच हे यंत्र भूलतज्ज्ञाच्या हाताची जागा घेणार नाही, परंतु 'पोकळी लागली' या विधानाला पुरावा देईल. दुर्मीळ दोष त्यामुळे किती प्रमाणात घटतात, हे मोठ्या अभ्यासांतून ठरावयाचे आहे. तोवर या तंत्रज्ञानाचे स्वागत करताना अतिशयोक्ती टाळणे आणि त्याचा पहिला उपयोग शिकणाऱ्या हातांसाठी करणे, हेच श्रेयस्कर होय. कळा सोसत, पाठ वाकवून स्थिर बसण्याचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रीचा डॉक्टरवर पूर्ण विश्वास असतो. त्या विश्वासाला मोजमापाची जोड मिळावी, एवढीच यामागील अपेक्षा आहे.